उंबऱ्यावरचे पायपुसणे

संग्रहालयाच्या दाराशी खास आकृतिबंध आखून विणून घेतलेले पायपुसणे अंथरतात आणि त्याला अमूर्त कला म्हणतात. माझे त्याच्याशी भांडण नाही. कार्ल आंद्रे या अमेरिकन शिल्पकाराने 1969 साली मॅग्नेशियमचे 144 चौकोनी पत्रे जमिनीवर मांडले. त्या शिल्पावरून प्रेक्षकांनी चालायचे होते. पायाखाली येते ती कला नव्हे, हा समज तिथेच मोडला होता. माझा प्रश्न निराळा आहे. पायपुसण्याचा इतिहास कलावंताच्या आराखड्यापासून मांडायचा, की काथ्यापासून?

काथ्याचा माग काढला की आपण केरळातल्या आळप्पुळाला पोचतो. 1859 साली जेम्स डॅरा याने तिथे काथ्याच्या चटया-पायपुसण्यांचा कारखाना काढला. नारळाची सोडणे खाडीच्या पाण्यात महिनोन्‌महिने कुजवायची, बाहेर काढून दांडक्याने बडवायची, सुटलेला काथ्या रहाटावर वळायचा. बडवण्या-वळण्याचे हे काम मुख्यतः बायकांचे, त्यांतही ईळव बायका अधिक. कारखान्यात मागावर पुरुष. माल जहाजाने परदेशी उंबऱ्यांवर जाई. त्यावरचे पट्टे, चौकडी, शंकरपाळ्या ही शुद्ध भूमितीच होती. पण तिला अमूर्त म्हणायचे कोणाला सुचले नाही. तो नुसता माल होता. (आपल्याकडे घायपाताचा वाख काढून दोर वळणारा मांगही इतिहासाच्या पुस्तकात ‘बलुतेदार’ या एका शब्दात आटोपतो.)

आळप्पुळाहून वैकम फार दूर नाही. मध्ये वेंबनाडचे पाणी. वैकमच्या महादेव मंदिराभोवतीच्या रस्त्यांवरून ख्रिस्ती चालत, मुसलमान चालत. ईळव आणि पुलय यांना मात्र बंदी. 30 मार्च 1924 रोजी सत्याग्रह सुरू झाला. पहिल्या दिवशी पुढे गेलेल्या तिघांत एक पुलय, एक ईळव आणि एक नायर होता. नोव्हेंबर 1925 मध्ये तीन बाजूंचे रस्ते खुले झाले, पूर्वेचा नाही. त्रावणकोरच्या मंदिरांची दारे उघडायला 12 नोव्हेंबर 1936 उजाडावा लागला. ज्या समाजाच्या हातचे पायपुसणे साता समुद्रांपलीकडच्या घरांत स्वागताला अंथरले जात होते, त्याला स्वतःच्या मुलखात देवळामागच्या रस्त्यावर पाऊल टाकता येत नव्हते. या विसंगतीला कोणते सौंदर्यशास्त्र लावायचे?

हे हात गप्प बसले नाहीत. 1922 साली आळप्पुळाच्या काथ्या-कामगारांनी त्रावणकोर लेबर असोसिएशन उभी केली. 1938 च्या सार्वत्रिक संपात मजुरीबरोबर जबाबदार राज्यपद्धतीचीही मागणी होती. विणकराला राजकारण कळत नाही असे मानणाऱ्यांनी ही मागणी पुन्हा वाचावी.

2021 मध्ये आळप्पुळातल्या काथ्याच्या जुन्या वास्तूंत मोठे कलाप्रदर्शन भरले. वखारीचे कलादालन झाले, हे चांगलेच झाले. पण संग्रहालयाच्या पाटीवर आराखडा करणाऱ्याचे नाव येते, सोडण बडवणारीचे येत नाही. ती नावे शोधायची तर कामगार संघांची दप्तरे पाहावी लागतील, आणि ज्यांचे हात अजून काथ्याच्या कुसळांनी खरबरीत आहेत अशा म्हाताऱ्या बायकांपाशी वही घेऊन बसावे लागेल.