चोरदरवाज्यांची कुळकथा

1994च्या जानेवारीत ‘बॅबिलॉन 5’ या अमेरिकी विज्ञानमालिकेचा पहिला नियमित भाग दाखवला गेला. त्यात लोंडो नावाचा परग्रहावरचा राजदूत स्वतःला पडलेलं एक स्वप्न सांगतो. आपण म्हातारपणी मरणार, तेव्हा आपले हात एकाच्या गळ्याभोवती असतील आणि त्याचे आपल्या. तो एक म्हणजे शत्रुग्रहाचा राजदूत ज’कार. पाहणाऱ्याने मनाशी नोंद केली असेल ती एवढीच, की दोघांचं हाडवैर आहे.

1996मध्ये, तिसऱ्या पर्वात, तो प्रसंग प्रत्यक्ष दिसला. लोंडो आता सम्राट आहे, पण त्याच्या मानेवर एक परका जीव चिकटलेला आहे आणि त्याच्या मनावर ताबा त्या जीवाचाच. भरपूर दारू पिऊन लोंडोने त्याला थोडा वेळ झोपवलंय. तेवढ्यात कैद्यांना पळू द्यायचं आणि आपण मरायचं, असा त्याचा बेत. मारण्याची विनंती तो करतो ज’कारला, जुना मित्र म्हणून. ज’कार गळा आवळतो, तो जीव जागा होतो आणि लोंडोचे हात त्याच्या मनाविरुद्ध ज’कारच्या गळ्याशी जातात. स्वप्न तंतोतंत खरं ठरलं, फक्त त्यातलं वैर गळून पडलं होतं.

लेखकाला हे आधीपासून ठाऊक होतं का, हा प्रश्न विज्ञानमालिकांच्या प्रेक्षकांनी तेव्हापासून प्रत्येक लेखकाला विचारून भंडावलंय. त्याआधी तो फारसा कुणाला पडत नसे, कारण टीव्हीवर पुढचं ठरवून ठेवायची रीतच नव्हती. 1953च्या उन्हाळ्यात बीबीसीने ‘द क्वाटरमास एक्सपेरिमेंट’ ही सहा भागांची मालिका थेट प्रक्षेपित केली. पहिला भाग प्रक्षेपित झाला तेव्हा लेखक नायजेल नील याचे शेवटचे दोन भाग लिहून व्हायचे होते. शेवटी वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये राक्षस दाखवायचा होता आणि हाताशी पैसा नव्हता. मग ॲबेचा एक फोटो मोठा करून त्याला भोकं पाडली आणि झाडपाला चिकटवलेले हातमोजे घालून खुद्द नीलनेच त्यातून हात बाहेर काढून हलवले. नियोजन म्हणाल तर इतकंच.

अमेरिकेत कारण वेगळं होतं, धंद्याचं. मालिका पुरेशी लांबली की तिचे भाग पुनःप्रक्षेपणासाठी गावोगावच्या केंद्रांना विकले जात आणि ती केंद्रं ते हव्या त्या क्रमाने लावत. आजचा भाग कालच्या भागावर टेकलेला असेल तर पंचाईतच. म्हणून 1966च्या ‘स्टार ट्रेक’मध्ये यान आठवड्यागणिक नव्या ग्रहावर जाई आणि भाग संपताना सगळं बहुधा पूर्ववत होई. त्या मालिकेच्या लेखकांसाठी मार्गदर्शिका होती, पण तिच्यात पात्रं कशी, यान कसं, हे असायचं. तीन वर्षांनी काय घडणार हे नव्हे.

‘बॅबिलॉन 5’चा कर्ता जे. मायकेल स्ट्राझिन्स्की याला मात्र पाच पर्वांची एक कादंबरीच टीव्हीवर आणायची होती, सुरुवात-मध्य-शेवटासकट. एकूण 110 भागांपैकी 92 त्याने एकट्याने लिहिले, यावरून त्याची जिद्द कळावी. पण या कुळकथेतला खरा शोध आराखड्याचा नाही. नट सोडून जातात, आजारी पडतात, पैशावरून अडतात, हे स्ट्राझिन्स्की जाणून होता. म्हणून किल्ला बांधतानाच चोरदरवाजा ठेवावा तसा त्याने जवळपास प्रत्येक पात्रासाठी बाहेर पडण्याचा एक मार्ग आधीच योजून ठेवला. आपल्याकडच्या रोजच्या मालिकांत नटी गेली की पात्राला रातोरात परदेशी धाडतात, नाहीतर चेहराच बदलतात. इथे तशी पाळी यायच्या आधीच सोय होती.

ती लगेच वापरावी लागली. पहिल्या पर्वानंतर नायक सिंक्लेअर, म्हणजे नट मायकेल ओ’हेअर, मालिकेतून बाहेर पडला. त्याला गंभीर मानसिक आजार होता. जिवंतपणी हे कुणाला सांगणार नाही, हा शब्द स्ट्राझिन्स्कीने पाळला; 2012मध्ये ओ’हेअर गेला आणि पुढच्या वर्षी कारण लोकांसमोर आलं. पडद्यावर सिंक्लेअर दुसऱ्या ग्रहावर राजदूत म्हणून रवाना झाला आणि त्याच्या जागी शेरिडन आला. मनातलं वाचणारी टालिया दुसऱ्या पर्वात गेली, तर चाचणीभागानंतर गायब झालेली दुसरी मनकवडी, लिटा, परत आली आणि टालियाच्या वाट्याची बरीचशी गोष्ट तिच्याकडे गेली. 1997मध्ये तर मालिका दाखवणारं जाळंच कोलमडलं. पाचवं पर्व मिळेल की नाही, या धास्तीने चौथ्यातच दोन युद्धं उरकली, शेवटचा भागही चित्रित करून टाकला. मग टीएनटी वाहिनी धावून आली आणि तो भाग वर्षभर डब्यात ठेवावा लागला. म्हणूनच पाचव्या पर्वात नसलेलं इव्हानोव्हा हे पात्र अखेरच्या भागात अचानक हजर आहे.

मूळ आराखडा पुढे छापलाही गेला. त्यात नायक शेवटपर्यंत सिंक्लेअरच आहे, ‘बॅबिलॉन 5’ हे अंतराळस्थानक नष्ट होतं आणि कथा दुसऱ्याच एका मालिकेत शिरते. तेव्हा ‘सगळं ठरलेलं होतं’ हा बोलबाला खरा, पण अर्धाच. लोंडोचं मरण हे त्या खऱ्या अर्ध्यातलं.

उलट बाजूचं उदाहरण 1993मध्येच सुरू झालं होतं. ‘द एक्स-फाइल्स’मध्ये स्कली करणारी जिलियन अँडरसन गरोदर राहिली. आधी मोठ्ठाले कोट आणि जवळून घेतलेली दृश्यं यांनी वेळ मारून नेली. मग दुसऱ्या पर्वात स्कलीचं अपहरण झालं. कलाकाराच्या रजेची ही सोय, पण स्कलीच्या मानेतली चकती, तिचा कर्करोग, तिचं वांझपण, असा मालिकेचा कणाच त्या सोयीतून घडला. योजून इतकं जमलं असतं का, शंकाच आहे.

आराखडा नसताना तो असल्याचा आव आणणंही आलं. नव्या ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’च्या सुरुवातीला पडद्यावर अक्षरं उमटत, की यंत्रमानवांकडे एक योजना आहे. ती योजना लेखकांकडेच नव्हती, हे कर्ता रोनाल्ड मूर याने पुढे मोकळेपणी मान्य केलं. वाक्य झकास वाटलं, ठेवलं. प्रेक्षक ते विसरेनात, तेव्हा मालिका संपल्यावर 2009मध्ये ‘द प्लॅन’ नावाचा चित्रपट काढून हिशेब द्यावा लागला.

‘लॉस्ट’च्या लेखकांपैकी हाविएर ग्रिलो-मार्शुआक याने 2015मध्ये ‘आधीपासून ठाऊक होतं का’ या प्रश्नावर लांबलचक निबंधच लिहिला, त्याचं उत्तर हो आणि नाही, दोन्ही. बेन हा त्या मालिकेचा सर्वांत लक्षात राहिलेला खलपुरुष, पण तो करणाऱ्या मायकेल इमर्सनला आधी घेतलं होतं तीनच भागांपुरतं. लेखकांची खरी तक्रार वेगळी होती: शेवट कधी, हेच वाहिनी सांगत नसेल तर रहस्यं उलगडायची कोणत्या वेगाने? 2007च्या मे महिन्यात एबीसीने तारीख दिली, 2010. आणखी तीन पर्वं, प्रत्येकी 16 भाग. मालिका जोरात चाललेली असताना तीन वर्षं आधी तिचा शेवट जाहीर करणं अमेरिकी वाहिन्यांत जवळजवळ ऐकिवात नव्हतं. आता शांतपणे आखणी करता येणार होती. नोव्हेंबरात हॉलिवूडचे पटकथालेखक संपावर गेले, चौथं पर्व 14 भागांवर आटोपलं आणि पुढच्या दोन पर्वांची वाटणी नव्याने करावी लागली.