देह दुभंगणारी रेघ

तैयब मेहतांच्या चित्रांतली माणसं अशी मोडलेली का, असं पुष्कळ जण विचारतात. प्रश्न रास्त आहे. १९४७ च्या दंगलीत मुंबईच्या मोहम्मद अली रोडवर जमावानं एका माणसाला ठार मारलं. तरुण तैयबनी ते खिडकीतून पाहिलं. त्यांच्या कोसळणाऱ्या माणसाच्या चित्रांत मात्र ना जमाव आहे, ना रस्ता.

आधी ते जाड, खरबरीत थरांत रंगवत. १९६८ मध्ये न्यूयॉर्कला गेले, तिथं बार्नेट न्यूमनची चित्रं पाहिली आणि त्यांचा रंग सपाट झाला. १९६९ मध्ये काम अडून बसलं, तेव्हा वैतागून त्यांनी कॅनव्हासवर एक तिरकी रेघ ओढली. तिनं देहाचे तुकडे केले. धड इकडे, हात तिकडे. पुढं लिलावातल्या किमतींचीच चर्चा जास्त झाली, ते असो. सपाट रंगात सावली नसते, पायाखाली जमीनही नसते. म्हणून तो माणूस कोसळतच राहतो. हुबेहूब चित्रात तो एकदाचा खाली पडला असता. आणि त्याला चेहरा, पोशाख, म्हणजे जातधर्मही द्यावा लागला असता. इथं उघड्या अंगावर तशी कसलीच खूण नाही.