शिरूर (घोडनदी)
महाराष्ट्र राज्याच्या पुणे जिल्ह्यातील याच नावाच्या तालुक्याचे मुख्य ठिकाण. हे पुण्याच्या ईशान्येस सु. ६७ किमी.वर, अहिल्यानगरच्या (पूर्वीचे अहमदनगर) मार्गावर घोड नदीकाठी वसले असून नदीवरून त्यास घोडनदी असेही म्हणतात. वसईच्या तहानंतर (१८०२) इंग्रजांची तैनाती फौज येथे राहिली. पुण्याच्या मदतीस निघालेली कॅप्टन स्टाँटनची पलटण ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री येथूनच कूच करून दुसऱ्या दिवशी कोरेगावला पेशव्यांच्या सैन्याशी भिडली. पुढे छावणी उठली. बाजारपेठ मात्र टिकली. येथील कर्नल वॉलेस (मृत्यू १८०९) या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या थडग्याची कथा विलक्षण आहे. परक्या फौजेतील या सेनाधिकाऱ्यास रयत ‘सतपुरुष’ मानू लागली व सुगीत नव्या धान्याचा नैवेद्य त्याच्या थडग्यापुढे ठेवू लागली, असे जुन्या गॅझेटिअरमध्ये नमूद आहे.