शब्बाथ म्हणजे काय? ज्यू शनिवार आणि ख्रिस्ती रविवार का पाळतात?

देवाने सहा दिवसांत सृष्टी निर्माण केली आणि सातव्या दिवशी विसावा घेतला, ही कथा ज्यू आणि ख्रिस्ती दोघेही मानतात. तरी त्यांचे वार वेगळे आहेत.

ज्यूंचा सातवा दिवस, म्हणजेच शब्बाथ, शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी दिवे लावून सुरू होतो आणि शनिवारी रात्री चांदण्या दिसल्यावर संपतो. या काळात ३९ प्रकारची कामे वर्ज्य असतात. त्यांत विस्तव पेटवणे, स्वयंपाक करणे, लिहिणे हेही येते. ज्यूंचे पूर्वज इजिप्तमध्ये गुलाम होते, याची आठवणही शब्बाथमागे आहे. म्हणून चाकरांना आणि गुराढोरांनाही विसावा द्यावा, अशी धर्माज्ञा आहे.

येशू रविवारी मरणातून उठला, अशी ख्रिस्ती श्रद्धा आहे. त्यामुळे बहुतेक ख्रिस्ती पंथांत रविवार हा उपासनेचा वार ठरला. इ.स. ३२१ मध्ये रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने रविवारच्या विश्रांतीचा हुकूम काढला. ज्यू येशूला मसीहा मानत नाहीत, त्यामुळे त्यांनी वार बदलला नाही.

कोकणातले बेने इस्रायल तेल गाळण्याचा व्यवसाय करत. शनिवारी त्यांचे घाणे बंद असत, म्हणून गावकरी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणू लागले. एका प्रथेने त्यांची वेगळी ओळख पिढ्यान्‌पिढ्या टिकवली.