काळवीट, गोळी आणि फासा

कर्जत तालुक्यातल्या रेहेकुरीच्या माळावर काळवीट दिसले की आपण मोबाइल काढतो. मला मात्र तिथे प्रश्न पडतो तो अंतराचा. उघड्या माळावर हा प्राणी माणसाला लांबूनच हेरतो. मग त्याला मारणाऱ्यांनी हे अंतर कापलं कसं?

साहेबांनी आणि संस्थानिकांनी ते वेगाने कापलं. आधी ठासणीची बंदूक होती: दारू मोजून ओतायची, गोळी गजाने ठासायची, प्रत्येक बार हातानेच भरायचा. मग पितळी काडतूस आलं. १८६९ मध्ये पुण्याजवळ खडकीला दारूगोळ्याचा कारखानाच उभा राहिला. तीस-चाळीस किलोच्या काळविटाला जड गोळी लागत नाही. हलकी गोळी जास्त वेगाने सुटते, वाटेत कमी झुकते. पण वाऱ्याने लवकर ढळते.

फासेपारध्यांनी तेच अंतर संयमाने कापलं. बैलाच्या आडोशाने सरकायचं, वाटेवर फासे मांडायचे. दारू नाही, आवाज नाही.

कायद्याने मात्र दोघांना एका तराजूत तोललं नाही. १८७८ च्या शस्त्र कायद्यानंतर परवानेवाला ‘शिकारी’ ठरला. फासेवाला गुन्हेगार जमातींच्या यादीत गेला. ती यादी १९५२ मध्ये रद्द झाली, गावातला संशय नाही.

१९७२ च्या वन्यजीव कायद्याने दोघांचीही शिकार थांबवली. १९८० मध्ये रेहेकुरी अभयारण्य झालं. काळवीट वाचले, हे चांगलंच झालं. पण बंदूकवाल्याचा छंद गेला आणि पारध्याचं पोट. या दोन्हींना मी एकच ‘शिकारबंदी’ म्हणू शकत नाही.