कापडी टपाच्या मोटारीतील फटी व वाऱ्याचा आवाज

कापडी टपाच्या मोटारीतील फटी व वाऱ्याचा आवाज हा उघडता-मिटता येणारा टप असलेल्या (कन्व्हर्टिबल) मोटारी आणि कॅनव्हासचे हूड असलेल्या जीपगाड्या यांत आढळणारा दोष आहे. काच, दरवाजा, रबरी पट्टी व कापड यांच्या सांध्यांत सूक्ष्म फट राहिली की धावत्या गाडीत वारा शिरतो आणि शिट्टी, घोंगावणे किंवा फडफड ऐकू येते. त्याच फटींतून धूळ, पावसाचे पाणी आणि काही वेळा इंजिनाचा धूरही आत येतो. म्हणून हा दोष केवळ गैरसोयीचा मानला जात नाही. रत्नागिरीसारख्या अतिपावसाच्या व खाऱ्या हवेच्या प्रदेशात त्याचे निवारण गाडीच्या आयुष्याशी व प्रवाशांच्या सुरक्षिततेशी निगडित असते.

पार्श्वभूमी

भारतात कापडी टपाची गाडी प्रामुख्याने जीपच्या रूपाने रुळली. १९४५ मध्ये स्थापन झालेल्या आणि पुढे महिंद्र आणि महिंद्र या नावाने ओळखल्या जाऊ लागलेल्या कंपनीने १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. या जीपला लोखंडी सांगाड्यावर ताणलेले कॅनव्हास, बाजूचे पडदे व त्यांत शिवलेल्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या खिडक्या असत. १९८५ मध्ये आलेली मारुती जिप्सी कापडी टपातही मिळत असे. महिंद्र थार ही गाडी २०१० मध्ये, तर तिची दुसरी पिढी २ ऑक्टोबर २०२० रोजी बाजारात आली. दुसऱ्या पिढीत पक्क्या टपाबरोबरच उघडता येणाऱ्या कापडी टपाचाही पर्याय देण्यात आला. या गाडीचे उत्पादन नाशिक येथे होते.

परदेशी बनावटीच्या अनेक कन्व्हर्टिबल मोटारींत दरवाजाच्या काचेभोवती धातूची चौकट नसते. अशा काचेची वरची कड थेट टपाच्या रबरी पट्टीवर टेकते. दरवाजा उघडताना काच थोडी खाली सरकते व तो मिटल्यावर पुन्हा वर येऊन रबरात बसते. काचेची उंची वा तिरकेपणा किंचित बदलला तरी या रचनेत फट पडते.

कारणे

आवाजाची उत्पत्ती

धावत्या गाडीतील वाऱ्याच्या आवाजाचे तीन प्रकार सांगता येतात. आरसा, काचेची पुढची कड, पावसाच्या पन्हळी अशा पुढे आलेल्या भागांवर हवा आपटून व फाटून जो आवाज होतो, तो पहिला. फटीतून हवा वेगाने आत-बाहेर गेल्याने होणारी शिट्टी हा दुसरा. सैल कापडाची फडफड हा तिसरा. पहिला प्रकार गाडीच्या आकारातच असल्याने तो दुरुस्तीने फारसा कमी होत नाही. उरलेले दोन मात्र बऱ्याच अंशी दूर करता येतात. केवळ एकच खिडकी उघडी असताना कानांवर दाब देणारी जी धडधड जाणवते, तिचे कारण फट नसून गाडीतील हवेचे अनुनादित होणे हे असते. दुसरी खिडकी थोडी उघडताच ती थांबते.

वेगाचा परिणाम

वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ६० किमी वेगाला तो सुमारे १६७ पास्कल, ८० किमीला सुमारे २९६ पास्कल आणि १०० किमीला सुमारे ४६३ पास्कल असतो. शेवटचा दाब एका चौरस मीटर कापडावर पूर्णपणे पडल्यास सुमारे ४७ किलो वजनाएवढा जोर निर्माण होतो. टपावरून व काचेवरून वेगाने जाणाऱ्या हवेचा दाब आतील हवेपेक्षा कमी असल्यामुळे कापड फुगते आणि काच बाहेरच्या बाजूला ओढली जाते. त्यामुळे उभ्या गाडीत घट्ट दिसणारा सांधा धावत्या गाडीत उघडू शकतो. वाऱ्याच्या आवाजाची शक्ती वेगाच्या साधारण सहाव्या घाताने वाढते. म्हणजे वेग दुप्पट झाला की आवाजात सुमारे १८ डेसिबलची भर पडते. शहरात न जाणवणारी फट महामार्गावर एकाएकी बोलू लागते, ती यामुळेच.

रबर व कापडाची झीज

दरवाजाच्या कडेला बसवलेली रबरी पट्टी (बीडिंग) बहुधा ईपीडीएम या कृत्रिम रबराची असते. सतत दाबली गेल्याने ती कालांतराने चपटी होते आणि तिची उसळी कमी होते. ऊन, खारा वारा व धूळ यांनी तिच्यावर चिरा पडतात. कापड सैलावते, शिवणीचा दोरा कुजतो व टिचबटणांना गंज चढतो. बिजागऱ्यांची झीज झाल्यास दरवाजा स्वतःच्या वजनाने खाली उतरतो. अशा वेळी पट्टी चांगली असूनही वरच्या कोपऱ्यात फट पडते.

रत्नागिरीतील परिस्थिती

रत्नागिरीत वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्याचा बहुतेक भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो. गणपतीपुळ्याकडे जाणारा आरे-वारे मार्ग समुद्राला लागून असल्याने तेथे बाजूचा वारा व खारे तुषार यांचा मारा होतो. कोल्हापूरकडे जाताना आंबा घाटात धुके, तिरका पाऊस व वळणे एकत्र येतात. हातखंबा येथून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ६६ वर वेग वाढतो आणि त्याबरोबर आवाजही.

कोरड्या दिवसांत या भागातील जांभ्या मातीची तांबडी धूळ फटींचा माग दाखवते. रबरी पट्टीच्या आतील बाजूस धुळीची बारीक रेघ उमटलेली दिसली, तर त्या ठिकाणाहून हवा आत येत असल्याचे ते निदर्शक असते. उन्हाळ्यात जेथून शिट्टी ऐकू येते व धूळ शिरते, तेथून पावसाळ्यात पाणी येण्याचा संभव मोठा असतो. त्यामुळे घराची शाकारणी व आगोटीची इतर कामे ज्या काळात होतात, त्या मृगापूर्वीच्या दिवसांत टपाची तपासणी करणे सोयीचे ठरते. पावसाळ्यात कापड पूर्ण वाळत नाही. ओल्या पृष्ठभागावर चिकटपट्टी वा डिंक धरत नाही आणि झालेल्या दुरुस्तीची खात्रीही पटत नाही.

फट शोधण्याच्या पद्धती

फटीचे नेमके स्थान कळल्याविना केलेली दुरुस्ती बहुधा व्यर्थ जाते. आवाज जेथून येतो असे वाटते तेथेच फट असेल असे नाही. पाणीही कापडाच्या आतील अस्तरावरून वाहत जाऊन भलत्याच ठिकाणी टपकते. यासाठी पुढील साध्या पद्धती वापरल्या जातात.

• कागदाची पट्टी: काच व रबर यांच्यामध्ये कागदाची पट्टी धरून दरवाजा मिटतात व ती हळू ओढतात. सर्वत्र सारखाच अडथळा जाणवला पाहिजे. जेथे पट्टी सहज निघते तेथे रबराचा दाब अपुरा असतो.

• चिकटपट्टी: सर्व सांध्यांवर बाहेरून सहज निघणारी कागदी चिकटपट्टी लावून गाडी चालवतात. आवाज थांबल्यास एकेका भागाची पट्टी काढत पुन्हा फेरी मारतात. जो भाग उघडताच आवाज परततो, तेथे फट असते. प्रत्येक फेरीत रस्ता, दिशा व वेग एकच ठेवावा लागतो आणि ऐकण्याचे काम चालकाने न करता सोबतच्या व्यक्तीने करायचे असते.

• साबणाचे पाणी: सर्व काचा मिटून, बाहेरची हवा आत घेणारा पंखा पूर्ण वेगाने चालवतात व सांध्यांवर बाहेरून साबणाचे पाणी लावतात. जेथून हवा सुटते तेथे बुडबुडे येतात.

• पाण्याची धार: कमी दाबाची धार खालच्या सांध्यापासून सुरू करून हळूहळू वर नेतात, आत बसलेली व्यक्ती विजेरीच्या प्रकाशात पाहते. सुरुवातच वरून केल्यास ओघळलेल्या पाण्यामुळे खरे स्थान कळत नाही.

वाहन उद्योगात हेच काम ध्वनिमापक व वातबोगदा यांच्या साहाय्याने केले जाते. पुणे येथील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया (स्थापना १९६६) या संस्थेत वाहनांच्या आवाजाच्या व कंपनांच्या चाचण्या होतात.

दुरुस्ती

दुरुस्तीचा क्रम आधी सफाई, मग जुळणी आणि शेवटी बदल असा असतो. फट दिसताच ती बुजवण्याची घाई केल्यास मूळ दोष झाकला जातो व वाढत राहतो.

सफाई: रबरी पट्टी सौम्य साबणाच्या पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून तिला सिलिकॉनचे वंगण हलक्या हाताने लावतात. खनिज तेल, ग्रीस किंवा डिझेल लावल्यास ईपीडीएम रबर फुगते व मऊ पडते. म्हणून ते टाळले जाते.

दरवाजाची जुळणी: बिजागऱ्यांची झीज तपासून दरवाजा योग्य उंचीवर आणतात. दरवाजाचे कुलूप ज्या खुंटीत अडकते ती (स्ट्रायकर) थोडी आत सरकवल्यास रबरावरचा दाब वाढतो. बोल्ट सैल करण्यापूर्वी मूळ जागेची खूण करून ठेवतात, जेणेकरून चूक झाल्यास पूर्वस्थितीला येता येते.

काचेची जुळणी: चौकट नसलेल्या काचेची उंची, पुढे-मागे असलेली स्थिती आणि आत-बाहेर असलेला कल या तीन गोष्टी दरवाजाच्या आतील बोल्टांनी बदलता येतात. एका वेळी एकच गोष्ट, तीही एखाद-दोन मिलिमीटरनेच बदलून पुन्हा कागदाच्या पट्टीने तपासणी केली जाते. काच प्रमाणाबाहेर वर किंवा आत आणल्यास रबर लवकर फाटते.

रबर बदलणे: चपटी झालेली पट्टी बदलणेच इष्ट असते. नवी पट्टी ताणून बसवू नये, कारण ती कालांतराने आखडते आणि कोपऱ्यात नवी फट पडते. तिचा जोड वरच्या बाजूस न ठेवता खालच्या बाजूस ठेवतात. जाड पट्टी बसवली की फट आपोआप मिटते हा समज चुकीचा आहे. तिच्यामुळे दरवाजा आपटून लावावा लागतो व बिजागऱ्यांवर ताण येतो.

कापड: उसवलेली शिवण पॉलिएस्टरच्या दोऱ्याने, दुहेरी दुमड घालून शिवतात आणि सुईच्या छिद्रांवर आतून शिवण-लेप देतात. सैल पट्टे आवळतात. गंजलेली टिचबटणे व अडकणाऱ्या चेन बदलतात. पारदर्शक प्लॅस्टिकच्या खिडक्या ओल्या वा धुळकट असताना गुंडाळल्यास त्यांवर ओरखडे व डाग पडतात. ओला टप घडी घालून ठेवल्यास बुरशी धरते आणि कुबट वास येतो.

निचऱ्याची भोके

प्रत्येक दरवाजाच्या तळाशी आणि बहुतेक कन्व्हर्टिबल मोटारींच्या टपाच्या पन्हळींत पाणी निघून जाण्यासाठी भोके किंवा नळ्या असतात. काचेच्या कडेने थोडे पाणी दरवाजाच्या पोकळीत उतरणे हे या रचनेत गृहीतच धरलेले असते. वारा व पाणी थांबवण्याच्या प्रयत्नात ही भोके लांबीने किंवा सिलिकॉनने बुजवली गेल्यास दरवाजात पाणी साठते, पत्रा आतून गंजतो आणि काच वर-खाली करणारी यंत्रणा बिघडते. समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत हे नुकसान अधिक वेगाने होते. पावसाळ्यात ही भोके मऊ तारेने अधूनमधून मोकळी करावी लागतात.

सुरक्षितता

धावत्या गाडीच्या मागे कमी दाबाचा पट्टा तयार होतो व धुराड्यातील वायू त्यात घुटमळतात. पुढील काचा मिटलेल्या आणि मागचा पडदा उघडा वा फाटलेला असल्यास हे वायू गाडीत ओढले जातात. त्यांतील कार्बन मोनॉक्साइड हा रंगहीन व गंधहीन वायू डोकेदुखी, गुंगी व बेशुद्धी आणतो; त्याचे प्रमाण वाढल्यास मृत्यूही ओढवू शकतो. मागच्या बाजूला बसणाऱ्या प्रवाशांना, विशेषतः लहान मुलांना, याचा धोका अधिक असतो. म्हणून मागच्या पडद्याची दुरुस्ती आवाजाच्या दुरुस्तीआधी केली जाणे अगत्याचे आहे. मागचा पडदा उघडा ठेवायचाच असेल तर पुढील काचाही उघड्या ठेवल्या जातात.

सततच्या आवाजाने चालकाला थकवा येतो, आणि घाटातील वळणावर समोरून येणाऱ्या वाहनाचा भोंगा ऐकू न येण्याचा संभव वाढतो. अमेरिकेतील नायॉश या संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबल आवाजात रोज आठ तासांहून अधिक काळ राहू नये. आवाज दर ३ डेसिबलने वाढला की ही मुदत निम्मी होते.

कायदेशीर बाजू

फाटलेल्या हुडाच्या जागी तशाच प्रकारचे हूड बसवणे, रबर बदलणे किंवा काच जुळवणे ही देखभाल होय. कापडी टप काढून कायमचा पत्र्याचा टप बसवणे हा मात्र वाहनाच्या रचनेतील बदल ठरू शकतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करण्यावर निर्बंध आहेत. त्यामुळे असा बदल करण्यापूर्वी परिवहन कार्यालयात चौकशी करणे आवश्यक असते. रत्नागिरी जिल्ह्यातील वाहनांचा नोंदणी संकेतांक एमएच-०८ हा आहे.

मर्यादा

कापड हे पत्रा व काच यांच्याइतके जड नसल्याने बाहेरचा आवाज पुरेसा अडवू शकत नाही. सर्व फटी मिटल्यानंतरही कापडी टपाची गाडी पक्क्या टपाच्या गाडीइतकी शांत होत नाही. जाड अस्तराचा किंवा अनेक थरांचा टप काही अंशी उपयोगी पडतो. शिट्टी, फडफड, धूळ व गळती थांबली आणि निचरा मोकळा राहिला, की दुरुस्ती पूर्ण झाली असे समजले जाते. उरलेला संथ घोंगावणारा आवाज हा या रचनेचा अंगभूत गुण होय.

हे सुद्धा पहा

• जीप
• महिंद्र थार
• आंबा घाट
• रत्नागिरी
• कार्बन मोनॉक्साइड