फोटोतल्या बायका



यंदाच्या स्मरणिकेत प्रत्येकीने आपल्या घरच्या धंद्याचा इतिहास लिहावा, असे आपल्या अध्यक्षीणबाईंनी सुचवले. कोणी हळदीच्या अडतीवर लिहिले, कोणी सराफीवर. माझ्या वाट्याला फोटो आले. मी सातवीपर्यंत शिकलेली. इतिहास लिहिण्याचा अधिकार माझा नव्हे. पण फोटोवाल्याच्या घरात येऊन मला चोवीस वर्षे झाली. मामंजींनी सांगितलेले, सासूबाईंच्या हाताखाली पाहिलेले आणि वाचनालयातून पुस्तके आणून वाचलेले असे जे काही जवळ आहे, ते मांडते. शेवटी माझी एक चूकही सांगायची आहे. ती सांगितल्यावाचून हा लेख पुरा होणार नाही.

फोटोची विद्या आली फ्रान्समधून. १८३९ साली दागेर नावाच्या गृहस्थाची रीत पॅरिसला जाहीर झाली. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर चित्र उमटे. एका वेळी एकच चित्र, त्याची दुसरी प्रत निघत नसे. पुढे पंधरा वर्षांत, म्हणजे १८५४ साली, मुंबईत फोटोग्राफीची सोसायटीसुद्धा निघाली. तीत साहेबलोक होते तसे आपलेही होते. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्यांतले एक. हरिश्चंद्र चिंतामण यांनी तर मुंबईत फोटोचा धंदाच मांडला होता.

त्या काळचा फोटो म्हणजे मोठा खटाटोप. काचेवर चिकट द्रावणाचा थर द्यायचा, ती चांदीच्या क्षारात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि ओली असतानाच धुवायची. थर वाळला की काच फुकट. म्हणून फोटोवाल्याबरोबर अंधारा तंबू, बाटल्या आणि पाण्याच्या घागरी असा सारा संसार चाले. लग्नाच्या मांडवात हे कसे जमावे? समोरच्या माणसाने काही सेकंद हलायचे नाही. मान हलू नये म्हणून खुर्चीमागून लोखंडी आधार लावीत. जुन्या फोटोंत माणसे रागावल्यासारखी दिसतात, त्याचे एक कारण हेही आहे. १८७१ मध्ये मॅडॉक्स नावाच्या इंग्रज डॉक्टरने जिलेटिनच्या कोरड्या काचेची रीत सुचवली. मग तयार काचा पेटीतून विकत मिळू लागल्या आणि फोटोवाला तंबू टाकून मोकळा झाला.

लोकांना फोटोची भीतीही फार. यंत्र माणसातले सत्त्व ओढून घेते, फोटो काढला की आयुष्य घटते, असे समजत. आपल्या दादासाहेब फाळक्यांनी सिनेमात येण्यापूर्वी गोध्र्याला फोटोचा धंदा काढला होता. पुढे बडोद्याला त्यांनाही या समजुतीचा त्रास झाला. बायकांच्या बाबतीत भीतीला पडद्याची जोड. परक्या पुरुषासमोर बसायचे, त्याने काळ्या कपड्याआडून आपल्याकडे टक लावून पाहायचे, हे घरच्यांना कसे रुचणार? लाला दीनदयाळांनी यावर १८९२ साली हैदराबादेत तोड काढली. त्यांनी खास जनानी स्टुडिओ उघडला. उंच भिंतींच्या आत सारा कारभार, आणि फोटो काढणारीही इंग्रज बाई. पुढे कलकत्त्याला अन्नपूर्णा दत्त या बाई घरोघर जाऊन पडद्यातल्या स्त्रियांचे फोटो काढीत व त्यावर प्रपंचाला हातभार लावीत.

आपल्या आनंदीबाई जोशी यांचा १८८५ सालचा एक फोटो पुष्कळ जणींनी पाहिला असेल. अमेरिकेत डॉक्टरीच्या कॉलेजात त्या, एक जपानी बाई व एक सीरियाची बाई अशा तिघी बसल्या आहेत. तिघींनी आपापल्या देशाचा पोशाख केला आहे. आनंदीबाई लुगड्यात आहेत. पुढच्याच वर्षी त्या डॉक्टर झाल्या आणि १८८७ च्या फेब्रुवारीत वारल्या. तो फोटो नसता तर परदेशात आपली बाई कशी बसली होती हे आपल्याला कधी कळले असते का? फोटो नुसती हौस नव्हे, असे मला वाटते ते यासाठी.

आता आमच्या घराकडे येते. मामंजींनी गावभागात १९५९ साली स्टुडिओ काढला. भात्याचा जुना लाकडी कॅमेरा त्यांनी एका म्हाताऱ्या फोटोवाल्याकडून विकत घेतला होता. मागे पडदा होता. त्यावर संगमरवरी जिना, खांब, तळे आणि तळ्यावर चंद्र. आपल्याकडे नाटकाचे पडदे रंगवण्याची कला मोठी होती. कोल्हापूरचे आनंदराव व बाबूराव पेंटर हे दोघे सिनेमाकडे वळण्याआधी नाटकाचे पडदेच रंगवीत. आमचा पडदाही नाटकाचे पडदे करणाऱ्याच एका कारागिराचा होता. ज्या बाईने वाड्याचा जिना कधी चढला नाही, ती त्या जिन्यापाशी उभी राहून मुंबईच्या दिराला फोटो पाठवी. स्टुडिओत पावडर, कंगवा, आरसा, एक कोट आणि दोन टाय ठेवलेले असत. कोट पुढून सर्वांना बसे. मागून टाचण्या लावलेल्या असत!

लग्नाचे फोटो आधी स्टुडिओतच निघत. लग्न उरकले की दोन-चार दिवसांनी जोडपे यायचे. नवरा खुर्चीवर, बायको शेजारी उभी. पुढे दोघेही बसू लागले. फ्लॅश आला तेव्हा मामंजी मांडवात जाऊ लागले. पण एक बल्ब एकदाच उडे आणि एका रोलवर बाराच फोटो निघत. दोन रोल म्हणजे चोवीस. त्यांचा हिशेब ठरलेला असे. अंतरपाट, माळा, कन्यादान, सप्तपदी, वरमाईची साडी, विहीणींची पंगत आणि निरोप. व्याह्यांचा साडू मध्ये येऊन उभा राहिला की मामंजी नुसता बल्ब उडवीत आणि रोल तसाच ठेवीत. साडूही खूश आणि रोलही शिल्लक. आज एका लग्नात दोन-तीन हजार फोटो निघतात, पण घरात त्यांतले दहा तरी कागदावर असतात का?

मुलगी दाखवण्याचा फोटो ही तर वेगळीच कथा. मुलीला शेजारणीची साडी नेसवून आणीत, हाताशी तिपाई आणि फुलदाणी. त्या काळी देवीचे व्रण पुष्कळ चेहऱ्यांवर असत. मामंजी निगेटिव्हवर बारीक टोकाच्या पेन्सिलीने ते व्रण भरीत. त्याला दोन-दोन तास लागत. मुलीचे वडील म्हणत, “जरा गोरी करा.” मामंजी सांगत, “डाग काढतो, मुलगी बदलत नाही. पाहायला येतील तेव्हा तुम्हीच तोंडघशी पडाल.” काही लोक उठून दुसरीकडे जात. सासूबाई म्हणायच्या, धंदा बुडाला तो तिथेच, आणि मान राहिला तोही तिथेच.

सासूबाईंचे काम पाटीवर कुठे नव्हते. रंगीत फिल्म येण्यापूर्वी काळ्या-पांढऱ्या फोटोला हाताने रंग देत. ते काम त्यांचे. काडीला कापूस गुंडाळून गालाला गुलाबी, शालूला हिरवा आणि दागिन्यांना पिवळा. नवरीचे दागिने मोजून रंगवावे लागत, एक बांगडी राहिली तरी तक्रार येई. रात्री फोटो हायपोतून काढून ते वाहत्या पाण्यात धुणेही त्यांचेच. “हायपो राहिला तर फोटो पिवळा पडेल आणि शिव्या आपल्याला पडतील,” असे म्हणत त्यांनी मलाही धुण्याची शिस्त लावली. फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई फिल्मला भोके पाडीत, रसायने कालवीत, शिवाय सगळ्या मंडळींचा स्वयंपाक करीत. होमाई व्यारावाला या वृत्तपत्रांसाठी फोटो काढणाऱ्या आपल्या देशातल्या पहिल्या बाई. त्यांचेही सुरुवातीचे फोटो पतीच्या नावाने छापले गेले. २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. सासूबाईंना हे मी वाचून दाखवले तेव्हा त्या म्हणाल्या, “म्हणजे आपण एकट्याच नव्हतो की!”

आता चुकीची गोष्ट.

कुटुंबाच्या फोटोत कोण कुठे बसते ते नीट पाहावे. मध्ये आजोबा, शेजारी थोरली मंडळी, पुढे सतरंजीवर मुले, मागे सुना. विधवा बाई बहुधा नसेच, आणि मंगल कार्यातल्या फोटोत तर नाहीच. आपल्या गल्लीतल्या एका काकूंच्या आईचे असेच झाले. ऐन तारुण्यात वैधव्य आलेले. भावाच्या घरी राहून त्यांनी साऱ्यांचे केले, पण फोटोच्या वेळी त्या स्वयंपाकघरात जात. १९६४ साली त्या घरचा फोटो काढताना मामंजींनी माणसे मोजली आणि विचारले, “पाणी आणून दिले त्या बाई कुठे आहेत? त्या आल्याखेरीज बटण दाबणार नाही.” मग त्या आल्या व एका कडेला उभ्या राहिल्या. त्यांचा तेवढाच एक फोटो.

ऑगस्ट २०१९ चा महापूर आपण कोणी विसरणार नाही. २००५ च्या पुराची खूण आमच्या दुकानाच्या भिंतीवर होती. निगेटिव्हच्या पेट्या मी त्या खुणेच्या एक फळी वर ठेवल्या. माळा रिकामा होता. त्यावर मी गाद्या, धान्याचे डबे व मुलीच्या लग्नासाठी घेतलेली भांडी चढवली. “पेट्याही वर घेऊ का?” असे ह्यांनी विचारले होते. “इथवर पाणी येत नाही,” असे मीच म्हणाले. आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेले. आम्ही परत आलो तेव्हा गाद्या कोरड्या होत्या आणि पेट्यांत चिखल होता. निगेटिव्हवरचा थर सुटून एकमेकांना चिकटला होता. साठ वर्षांची माणसे बादलीभर लगदा होऊन गेली.

महिनाभराने काकू आल्या. त्यांच्याही घरात पाणी शिरले होते, भिंतीवरचा फोटो गेला होता. “तुमच्याकडे काच असेल ना? नवीन काढून द्या,” म्हणाल्या. मी त्यांना खरे सांगितले. त्या काही बोलल्या नाहीत, चहाही घेतला. त्याचेच मला जास्त लागले. पुढे त्यांच्या मामेभावाकडे इचलकरंजीला त्याच फोटोची एक प्रत असल्याचे कळले. आम्ही दोघी मुद्दाम गेलो. प्रत होती, पण चौकटीत बसावी म्हणून कोणी तरी तिची कड कापली होती. आईचा पदर आणि अर्धा हात एवढेच उरले होते. काकूंनी त्या हाताचाच फोटो मोबाईलवर काढून घेतला.

गेले ते येत नाही. पण उरलेले जपता येईल, म्हणून चार गोष्टी सांगते. फोटो भिजले तर गठ्ठ्यात वाळू देऊ नका. एकदा चिकटले की सुटत नाहीत. स्वच्छ थंड पाण्यात धुवावे, चित्रावर हात घासू नये, सावलीत एकेक सुटा वाळवावा. काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नये. मागे नाव व साल लिहायचे ते पेन्सिलीने हलक्या हाताने. शाई पुढे फुटते. रंगीत फोटो उडत चालले असतील तर वेळीच प्रत करावी. नीट धुतलेला काळा-पांढरा फोटो त्यांच्यापेक्षा जास्त टिकतो. आणि पुराची सूचना आली की आधी फोटो वर चढवावेत. गाद्या पुन्हा भरता येतात.

शेवटी एक विनंती. मामंजींनी काढलेले फोटो आता आमच्याकडे नाहीत, ते तुमच्या ट्रंकांत आणि देवघराच्या भिंतीवर आहेत. मागे आमच्या स्टुडिओचा शिक्का असलेला फोटो ज्यांच्याकडे असेल त्यांनी दर गुरुवारी भजनानंतर तो मंडळात आणावा. आमचे हे तिथेच प्रत काढतील, पैसे घेणार नाहीत, मूळ फोटो लगेच परत मिळेल. मी वहीत प्रत्येकाचे नाव लिहून घेईन. बायकांची नावे ‘अमक्याची आई’ अशी नकोत, त्यांची स्वतःची हवीत. कडेला कोणी उभी असेल तर तिचे आधी सांगा.

वहीच्या पहिल्या पानावर मी काकूंच्या आईचे नाव लिहिले आहे. त्या नावापुढे फोटोची जागा रिकामी सोडली आहे. अजून कोणाकडे तरी न कापलेली प्रत असेल, अशी आशा आहे.